साठ गुण कोठें गेले?

पांच विद्यार्थ्यांचे गुण अनुक्रमें 60, 71, 58, 80 व 66. त्यांची सरासरी काढण्याचा प्रोग्रॅम नववींतील एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत लिहिला. संगणकानें कसलीही तक्रार न करितां उत्तर दिलें: 55. सर्वांत कमी गुण 58, आणि सरासरी त्याहूनही कमी! बिचारा अर्धा तास पडद्याकडे टक लावून बसला. मग अंदाजानें इकडचें चिन्ह तिकडे करूं लागला. अशानें एक चूक जाऊन तिच्या जागीं दोन येतात, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

चालत्या प्रोग्रॅमला हवें तेथें थांबवून त्याच्या पोटांत काय चाललें आहे हें विचारतां यावें, यासाठीं डीबगर नांवाचें साधन असतें. जीडीबी हा असाच एक स्वतंत्र डीबगर. तो रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1986 सालीं जीएनयू प्रकल्पासाठीं लिहिला. त्यास चित्रें, खिडक्या, बटनें यांची गरज नाहीं. टर्मिनलमध्यें आज्ञा टाइप केली कीं पुरे. तो विनामूल्य असून जुन्या, मंद संगणकावरही सुखानें चालतो, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

उबुंटू लिनक्स असल्यास ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी जीडीबी’ ही आज्ञा एकदां द्यावी. (आज्ञा येथें देवनागरींत छापिल्या आहेत, संगणकास त्या रोमन लिपींत, लहान अक्षरांत द्याव्या.) नंतर प्रोग्रॅम असा कंपाइल करावा: ‘जीसीसी -जी सरासरी.सी -ओ सरासरी’. यांतील ‘-जी’ विसरूं नये. त्यामुळें ओळींचे क्रमांक व व्हेरिएबलांचीं नांवें तयार फाइलींत नोंदलीं जातात. ती नोंद नसेल तर जीडीबी सुरू होईल खरा, परंतु ‘बेरीज’ म्हणजे काय हें त्यास कळणार नाहीं. नवखे बहुधा येथेंच अडखळतात.

आतां ‘जीडीबी ./सरासरी’ म्हणावें. कंसांत त्याचें नांव दिसलें कीं तो आज्ञेची वाट पाहत आहे असें समजावें. ‘ब्रेक मेन’ म्हणजे ‘मेन’च्या आरंभीं थांब, ‘रन’ म्हणजे चालूं लाग. प्रोग्रॅम थांबतांच पुढें जी ओळ व्हावयाची ती दिसते. ‘नेक्स्ट’नें एकेक ओळ पुढें जावें. बेरीज शून्य करणारी ओळ होऊन गेल्यावर आमच्या विद्यार्थ्यानें ‘वॉच बेरीज’ अशी आज्ञा दिली, म्हणजे बेरजेवर पहारा बसविला, आणि ‘कंटिन्यू’ म्हटलें. (हा पहारा आधींच बसविल्यास त्या जागीं पूर्वीं पडलेला भलताच आंकडा दिसून गोंधळ होतो.)

जीडीबी लगेच थांबला. जुनी किंमत 0, नवी किंमत 71! मग 60 कोठें गेले? ‘प्रिंट गुण’ म्हणतांच पांचही आंकडे जागच्या जागीं दिसले. ‘प्रिंट क्र’ विचारलें, तों उत्तर आलें 1. सी भाषेंत ॲरेचें पहिलें घर शून्य क्रमांकाचें. लूप एकापासून सुरू केल्यामुळें पहिल्या मुलाचे गुण बेरजेंत आलेच नव्हते. उरलेल्या चौघांचे गुण 275. त्यांस 5 नें भागून 55.

‘क्विट’ म्हणतांच, प्रोग्रॅम अर्ध्यावर असल्यानें, खरोखर निघावयाचें काय असें जीडीबीनें विचारलें. ‘वाय’ असें उत्तर देऊन तो बाहेर पडला, एकाच्या जागीं शून्य लिहिलें व पुन्हा कंपाइल केलें. उत्तर आलें 67.