उसाचा हिशेब

गणपतीत उकडीचे मोदक होतात तेव्हा सारणातला नारळ आपल्या मुरुडच्या वाडीतला असतो. गूळ मात्र घाटावरचा, बहुतेक वेळा कोल्हापूरकडचा. आपल्याला ऊस भेटतो तो तुळशीच्या लग्नात, नाहीतर रसाच्या गाड्यावर. असं का बरे? पाऊस तर आपल्याकडे देशावरच्यापेक्षा कितीतरी जास्त! पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि वाहून जातो. आपली जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. उसाला बाराही महिने पाणी हवे. म्हणून ऊस कृष्णा, पंचगंगा, प्रवरा या नद्यांच्या काठी आणि कालव्यांखाली वाढला.

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उसाला ‘सुरू’ म्हणतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उसाला ‘पूर्वहंगामी’ आणि जुलै-ऑगस्टच्या उसाला ‘आडसाली’. आडसाली ऊस तोडायला येईपर्यंत सोळा ते अठरा महिने जातात. तोवर बेणे, नांगरट, खत, खुरपणी, बांधणी, विजेचे बिल असा खर्चच खर्च. माडाचे नारळ थोड्या थोड्या महिन्यांनी पाडता येतात आणि घरात चार पैसे येत राहतात. ऊसवाल्याला ती सोय नाही. तो सोसायटीचे कर्ज काढतो आणि वाट पाहतो.

आता खरा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. उसाचा कमीत कमी दर केंद्र सरकार ठरवते. त्याला एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. हा दर सव्वादहा टक्के उताऱ्याचा. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर. ती जास्त निघाली तर दरही वाढतो. पण सगळे ३,५५० हातात पडत नाहीत. तोडणी आणि वाहतूक त्यातूनच वजा होते. ही वजावट टनाला ८५० रुपये धरू. उरले २,७००.

समजा, एका एकरात ५० टन ऊस झाला. २,७०० गुणिले ५० म्हणजे १,३५,००० रुपये. वाचायला केवढी मोठी रक्कम! आता लागवडीपासूनचा खर्च आणि कर्जाचे व्याज मिळून ७५,००० धरा. शिल्लक ६०,०००. तिला अठरा महिन्यांनी भागा. महिन्याला ३,३३३ रुपये! एवढ्यावर घर चालेल का, ते घरी विचारून पाहा.

आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हेच. पाणी कमी पडले आणि ऊस ५० ऐवजी ४० टनच झाला. पैसे आले १,०८,०००. खर्च मात्र तेवढाच, कारण तो आधीच होऊन गेलेला. शिल्लक ३३,०००. ऊस घटला पाचवा हिस्सा, पण शिल्लक जवळजवळ निम्मी झाली. हे ज्याने वहीत मांडून पाहिले, तो पाण्याची पाळी चुकवत नाही. तोडलेला ऊसही उन्हात पडू देत नाही, कारण तो वाळला की वजनही जाते आणि साखरही. पहिली तोड झाल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटतो, तो खोडवा. त्याला नवे बेणे नाही, नांगरट नाही, आणि पीकही वर्षभरात येते. पाचट जाळून न टाकता सरीत पसरले तर ओल टिकते. पुष्कळांचा हिशेब हा खोडवाच सावरतो.

वजावटीतला तोडणीचा पैसा ऊसतोड मजुरांसाठी असतो. बीडसारख्या दुष्काळी भागातून ते सहा-सहा महिने फडावर येतात. बरोबर तुमच्याएवढी मुलेही असतात आणि पुष्कळांची शाळा तेवढे दिवस बुडते.

पूर्वी शेतकरी गूळ करून व्यापाऱ्याच्या दारी नेई, आणि भाव व्यापारी सांगेल तो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची साथ मिळाली आणि १९५० साली तिथे शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तरी कारखाना आपलाच म्हणून काटा बघायचा नाही असे होत नाही. वजनाची पावती जपून ठेवावी लागते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. वर काढलेले १,३५,००० रुपये दोन महिने अडकले तर व्याज होते ३,३७५ रुपये. हे मागायचे तर तारीख आणि पावती दोन्ही हातात हवी.

स्वाध्याय : ऊस ४५ टन झाला तर शिल्लक किती, ते काढा. मग घरच्या किंवा शेजारच्या वाडीतल्या माड-पोफळींचा असाच हिशेब मांडा. शिंपण्याची आणि माडावर चढणाऱ्याची मजुरी विसरू नका. वही शनिवारी आणा.