स्विच कसा शिकतो? : नेटवर्क प्रमाणपत्राच्या अभ्यासातील एक पाठ

बारावी, आयटीआय, पदविका किंवा विज्ञानातील पदवी पूर्ण केल्यानंतर आपल्या शाळेसारख्या निवासी शाळांतून बाहेर पडलेली मुले-मुली आता संगणकांच्या जाळ्याशी, म्हणजेच नेटवर्किंगशी, संबंधित नोकऱ्यांकडे वळू लागली आहेत. या क्षेत्राचे प्रवेशद्वार म्हणून सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा ओळखली जाते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेचा २००-३०१ क्रमांकाचा अभ्यासक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला. त्याचे सहा विभाग असून परीक्षेचा अवधी १२० मिनिटांचा आहे. शुल्क डॉलरमध्ये आकारले जाते आणि रुपयांत मोजले तर मजुरी करणाऱ्या अनेक कुटुंबांच्या महिन्याच्या कमाईहून ते अधिक भरते. त्यामुळे या परीक्षेचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. तो साऱ्या घराचा होतो.

या अभ्यासक्रमातील ‘नेटवर्क ॲक्सेस’ या विभागाला २० टक्के भार आहे आणि त्याचा पाया ‘स्विचिंग’ हा विषय आहे. तो नीट समजला की पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते. नुसता पाठ केला तर पुढे प्रत्येक पायरीवर अडखळावे लागते. म्हणून हा एकच पाठ येथे सविस्तर मांडत आहे. पालकांनीही तो वाचावा. त्यासाठी संगणकाचे पूर्वज्ञान आवश्यक नाही.

स्विच म्हणजे काय?

येथे स्विच म्हणजे विजेचे बटण नव्हे. अनेक संगणकांच्या तारा ज्या एका पेटीत येऊन मिळतात, ती पेटी म्हणजे स्विच. तार जोडण्याच्या प्रत्येक जागेला ‘पोर्ट’ म्हणतात. संगणक परस्परांना जो मजकूर पाठवतात तो लहान लहान लिफाफ्यांत विभागलेला असतो. अशा एका लिफाफ्याला ‘फ्रेम’ म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर दोन पत्ते असतात : आधी घेणाऱ्याचा, मग पाठवणाऱ्याचा. या पत्त्याला ‘मॅक पत्ता’ म्हणतात. तो ४८ बिटांचा असतो आणि साधारणपणे यंत्र तयार होतानाच त्याला दिला जातो. त्यातील पहिले २४ बिट उत्पादक कंपनीची ओळख सांगतात.

ज्या इथरनेट पद्धतीवर हे सारे चालते तिची कल्पना १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. आरंभी सर्व संगणक एकाच तारेवर असत. एक बोलला की सर्वांना ऐकू येई आणि दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे वाया जाई. यावरचा उपाय म्हणून १९९० मध्ये ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. भारतीय वंशाचे अभियंते विनोद भारद्वाज हे या कंपनीचे एक संस्थापक. कंपनीला दिलेले नाव त्यांच्या पत्नीचे. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

नवे गृहपाल आणि चिठ्ठ्या

निवासी शाळेत राहिलेल्यांना स्विचचे काम समजणे मुळीच अवघड नाही. वसतिगृहात नवे गृहपाल आले आहेत, अशी कल्पना करा. कोणता विद्यार्थी कोणत्या खोलीत राहतो हे त्यांना ठाऊक नाही आणि कोणी यादीही दिलेली नाही. खोल्याखोल्यांतून चिठ्ठ्या येतात व त्या पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे आहे. गृहपाल दोनच नियम पाळतात. पहिला : चिठ्ठी ज्या खोलीतून आली, त्या खोलीसमोर ‘पाठवणाऱ्याचे’ नाव वहीत लिहायचे. दुसरा : ‘घेणाऱ्याचे’ नाव वहीत असेल तर चिठ्ठी थेट त्याच खोलीत द्यायची, नसेल तर ती आली ती खोली सोडून इतर सर्व खोल्यांत तिची प्रत द्यायची. ज्याची असेल तो ठेवून घेईल, बाकीचे टाकून देतील.

स्विच नेमके हेच करतो. त्याच्या वहीला ‘मॅक पत्त्यांचा तक्ता’ म्हणतात. येथे एक बारकावा आहे आणि परीक्षेत व मुलाखतीत वारंवार विचारला जातो तो हाच : स्विच शिकतो तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून आणि निर्णय घेतो तो घेणाऱ्याच्या पत्त्यावरून. ही दोन कामे मनात स्वतंत्र ठेवली की निम्मा विषय हाती आला.

चार संगणकांचा सराव

आता कागद-पेन्सिल घ्यावी. क, ख, ग, घ असे चार संगणक अनुक्रमे १, २, ३, ४ या पोर्टना जोडलेले आहेत. स्विच नुकताच सुरू झाला आहे. तक्ता कोरा आहे. प्रत्येक वेळी पुढचे वाक्य वाचण्याआधी स्वतःचे उत्तर लिहावे.

क ने ख ला फ्रेम पाठवली. स्विचने ‘क – पोर्ट १’ अशी नोंद केली. ख चा पत्ता तक्त्यात नाही, म्हणून फ्रेम २, ३ आणि ४ या तिन्ही पोर्टवर गेली. ग व घ यांनी ती टाकून दिली.

ख ने क ला उत्तर दिले. ‘ख – पोर्ट २’ अशी नोंद झाली. क ठाऊक आहे, म्हणून फ्रेम केवळ पोर्ट १ वर गेली. ग व घ यांना या उत्तराचा पत्ताही लागला नाही.

ग ने ख ला फ्रेम पाठवली. ‘ग – पोर्ट ३’ अशी नोंद झाली आणि फ्रेम थेट पोर्ट २ वर गेली. घ ने अजून तोंड उघडलेले नाही, म्हणून स्विचच्या लेखी तो अद्याप नाहीच.

प्रत्यक्ष यंत्रावर सराव करताना आणखी एक गोष्ट दिसेल. क ला आरंभी ख चा मॅक पत्ता माहीत नसतो. म्हणून तो आधी ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असे सर्वांना विचारतो. सर्वांना उद्देशून असलेल्या या फ्रेमला ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. तिच्यातील घेणाऱ्याच्या पत्त्याचे सर्व ४८ बिट ‘एक’ असतात आणि ती नेहमीच इतर सर्व पोर्टवर जाते.

आता दोन प्रश्न. ख पाच मिनिटांहून अधिक काळ गप्प राहिला, तर त्याला आलेली पुढची फ्रेम कोठे जाईल? सिस्कोच्या स्विचमध्ये नोंदीचे आयुष्य सामान्यतः ३०० सेकंद असते. त्या काळात ख कडून काहीच न आल्याने नोंद पुसली जाते आणि फ्रेम पुन्हा सर्वत्र जाते. दुसरा प्रश्न : तक्त्यात एकाच पोर्टसमोर वीस पत्ते दिसत असतील तर बिघाड समजावा काय? नव्हे, त्या पोर्टला बहुधा दुसरा स्विच जोडलेला आहे आणि ते वीस संगणक त्याच्या पलीकडे आहेत.

वर्तुळाचा धोका

दोन स्विच एका तारेने जोडलेले आहेत. ती तार तुटली तर काम थांबू नये म्हणून कोणी दुसरी तारही जोडली. हेतू चांगला, परिणाम मात्र घातक. एक ब्रॉडकास्ट फ्रेम पहिल्या तारेने जाते, दुसरीने परतते, पुन्हा पहिलीने जाते. आयपी पॅकेटवर आयुष्य मोजणारा आकडा असतो. इथरनेट फ्रेमवर तो नसतो. म्हणून ती फिरतच राहते, तिच्या प्रतींत भर पडत जाते आणि काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते.

यावरचा उपाय १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत रॅडिया पर्लमन यांनी शोधला. त्याचे नाव ‘स्पॅनिंग ट्री’. सर्व स्विच आपसांत एक मूळ निवडतात, त्या मुळापासून झाडासारख्या वाटा ठरवतात आणि वर्तुळ पूर्ण करणारा पोर्ट बंद ठेवतात. चालू वाट तुटली तरच तो उघडतो. १९९० मध्ये ही पद्धत आयईईई या संस्थेच्या ८०२.१डी मानकात समाविष्ट झाली.

ही केवळ परीक्षेपुरती बाब नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरातील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोसळले. वाढत वाढत ते स्पॅनिंग ट्रीला पेलण्याच्या मर्यादेबाहेर गेले होते. काही दिवस डॉक्टरांना व परिचारिकांना कागदावर नोंदी करून, तपासण्यांचे अहवाल हातोहात पोहोचवून रुग्णसेवा चालवावी लागली. उद्या आपल्यापैकी कोणी एखाद्या रुग्णालयाचे, बँकेचे वा रेल्वेचे जाळे सांभाळत असेल. तेव्हा तेथे चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची नसते. काय घडते आहे ते ओळखायचे असते.

अभ्यास कसा करावा?

बाजारात तयार प्रश्नोत्तरांचे संच मिळतात. परीक्षेतून फोडलेले प्रश्न वापरणे हे नियमांचे उल्लंघन आहे आणि त्यापायी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. त्याहून मोठे नुकसान असे की, मुलाखतीत समोरच्याने फळ्यावर दोन स्विच काढून ‘आता ही फ्रेम कोठे जाईल?’ एवढेच विचारले तरी पाठांतर उघडे पडते. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले शुल्क अशा वेळी व्यर्थ जाते.

त्याऐवजी तीन सवयी लावून घ्याव्यात. एक : आधी भाकीत, मग पडताळणी. सिस्कोचा ‘पॅकेट ट्रेसर’ हा सराव-कार्यक्रम नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळतो. त्यात वरील चार संगणक जोडावेत, तक्ता आधी वहीत लिहावा आणि मगच ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’ ही आज्ञा देऊन ताडून पाहावा. यंत्रातील संगणक सुरू होताच स्वतःहूनही फ्रेम पाठवू शकतात, हे ध्यानात ठेवावे. जेथे उत्तर जुळत नाही, तेथेच खरा अभ्यास सुरू होतो. दोन : प्रत्येक संकल्पना आधी मराठीत, आपल्या शब्दांत लिहावी; मग इंग्रजी संज्ञा पाठ कराव्यात. परीक्षा इंग्रजीत असली तरी समज मातृभाषेत पक्की होते. तीन : रोज थोडे, पण हाताने. दहा पाने वाचण्यापेक्षा एक तक्ता स्वतः भरणे अधिक मोलाचे.

पालकांना या विषयातले काही कळत नसले तरी त्यांना मुलांची तयारी जोखता येते. जेवण झाल्यावर चार वाट्या आणि मध्ये एक ताट मांडावे. वाट्या म्हणजे संगणक, ताट म्हणजे स्विच. ‘या वाटीतून त्या वाटीला चिठ्ठी गेली, तर ताटाला काय कळले आणि त्याने काय केले, ते सांग,’ असे मुलाला वा मुलीला म्हणावे. उत्तर आपल्याला समजेल अशा शब्दांत आले, तर तयारी योग्य मार्गावर आहे. नुसत्या इंग्रजी संज्ञा कानावर पडल्या, तर परीक्षेचे शुल्क आणखी महिनाभर थांबवून ठेवावे आणि पुन्हा वाट्या मांडाव्यात.