एकट्याने जपान : भाषा येत नसताना वाट कशी सापडते?

आठवीच्या वर्गात जपानचा विषय निघाला होता. पाठीवर एक सॅक टाकून, सोबत कुणी नसताना लोक टोकियोपासून हिरोशिमापर्यंत शहरं फिरतात, असं मी सांगितलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण बाई, तिथली अक्षरंच वाचता येत नाहीत, मग माणूस हरवणार नाही का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. "हुशार माणूस हरवत नाही" असं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण खरं उत्तर वेगळं आहे. अनोळखी माणूस येणार आहे, त्याला वाचता येणार नाही, हे धरूनच त्या शहरांनी तयारी करून ठेवली आहे.

टोकियोपासूनच बघू. तिथल्या भुयारी रेल्वेत प्रत्येक मार्गाला एक रंग आणि एक रोमन अक्षर आहे, आणि प्रत्येक स्थानकाला क्रमांक. गिंझा मार्ग नारिंगी, त्याचं अक्षर 'जी'. शिबुया म्हणजे जी 01, आसाकुसा म्हणजे जी 19. आता आसाकुसाला जायचं तर नाव वाचता येण्याची गरजच उरली नाही. आकडे वाढत चालले की दिशा बरोबर, कमी व्हायला लागले की उतरा आणि उलटी गाडी पकडा! पहिलीतलं मूलसुद्धा हे करू शकेल.

खाण्याचंही तसंच. कितीतरी रामेनच्या दुकानांत दाराशीच एक यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, निघालेलं तिकीट आत द्यायचं. एकट्याने बसून जेवणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही, कारण बाकंच एकेकट्यासाठी मांडलेली असतात. छोट्या दुकानात मिळणाऱ्या ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या त्रिकोणी मुटक्याच्या, वेष्टनावर 1, 2, 3 असे आकडे छापलेले असतात. त्या क्रमाने सोडलं की समुद्रशेवाळाचा कुरकुरीत पापुद्रा न फाटता भाताभोवती बसतो. सूचना कशी लिहावी, याचा हा उत्तम नमुना आहे.

टोकियोहून क्योटो, ओसाका अशी शिनकान्सेन धरायची. ही गाडी 1 ऑक्टोबर 1964 रोजी सुरू झाली. टोकियो ते शिन-ओसाका हे सुमारे 515 कि.मी. अंतर आज ती साधारण अडीच तासांत कापते. या मार्गावर बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज 160 सें.मी.पेक्षा जास्त भरली, तर बॅगेसाठीची जागा असलेलं आसन आधी राखावं लागतं. एकट्या प्रवाशाची सॅक लहान का असावी, हे गणिताच्या तासालाही सांगता येईल.

ओसाका आणि हिरोशिमा यांच्यामध्ये ओकायामा हे शहर लागतं. बरेच प्रवासी तिथे उतरत नाहीत. पण आपल्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे. याच शहरातल्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये अंध व्यक्तींसाठी उठावाच्या फरश्या तयार केल्या. 1967 मध्ये तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे "पुढे चला", गोल ठिपके म्हणजे "थांबा, लक्ष द्या". आपल्या मेट्रो स्थानकांत ज्या पिवळ्या पट्ट्या दिसतात ना, त्या याच! एखाद्या मुलाला विचारून बघा, त्या कशासाठी आहेत. बहुतेक मुलं म्हणतात, "शोभेसाठी."

म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे का? तसं नाही. गर्दीच्या गाड्यांत स्त्रियांना त्रास होतो, म्हणून ठरावीक वेळी स्त्रियांसाठी वेगळे डबे ठेवावे लागले. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात, त्या पहाटेच सुरू होतात. शेवटची गाडी चुकली की पंचाईत. भूकंपाचं भय तर कायमचंच. त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याने मुक्कामाचा पत्ता जपानी लिपीत लिहून खिशात ठेवावा, रोज घरी कळवावं आणि अडलं तर 'कोबान'मध्ये, म्हणजे बऱ्याच ठिकाणी स्टेशनाजवळच असणाऱ्या छोट्या पोलीस चौकीत, विचारावं.

आता पालकांसाठी महत्त्वाचा मुद्दा. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली बरीच मुलं आईवडिलांशिवाय पायी शाळेत जातात. आपण म्हणतो, "किती धीट मुलं!" पण अनेक ठिकाणी पहिलीच्या मुलांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते, ती वाहनचालकाला लांबून दिसावी म्हणून. वाटेतल्या काही घरांवर आणि दुकानांवर खास चिन्ह लावलेलं असतं : भीती वाटली तर मुलाने इथे खुशाल शिरावं. मुलाचं धाडस आहेच, पण त्याच्यामागे अख्खा मोहल्ला उभा आहे. आपण मात्र एकतर मुलाला एकटं सोडतच नाही, नाहीतर "आता मोठा झालास, जा" म्हणून एकदम सोडून देतो. मधली तयारी राहूनच जाते.

म्हणून वर्गासाठी एक छोटा उपक्रम. मुलांचे गट करून त्यांना शाळेपासून एस.टी. स्टँडपर्यंत न्या. अट एकच : आज आपल्याला मराठी वाचता येत नाही. कुठे बाण सापडला, कुठे आकडा, कुठे चित्र, कुणाला विचारता आलं आणि कुठे आपण पार अडलो, हे त्यांनी नोंदवावं. परत आल्यावर जिथे अडलो, त्या एका जागेसाठी पाटी तयार करावी आणि परवानगी घेऊन ती लावावी.

आमच्या वर्गाची पहिली पाटी शाळेच्याच स्वच्छतागृहाची झाली. नव्याने आलेल्या, मराठी न येणाऱ्या एका मुलाला ते दोन दिवस सापडलं नव्हतं, आणि हे आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.