गव्हाणीपुढील रांग आणि संगणकातील रांग

दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याकडे उसाची वाहने येऊ लागतात. ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या एकामागे एक उभ्या राहतात. वजनकाट्यावर वजन होते आणि मग पाळी येईल तसा ऊस गव्हाणीत पडतो. हे दृश्य आमच्या वाचकांच्या इतक्या परिचयाचे आहे, की त्याकडे मुद्दाम थांबून पाहावे असे कोणास वाटत नाही. परंतु हल्लीच्या संगणकशास्त्रातील एक अत्यंत उपयुक्त कल्पना या दृश्यात जशीच्या तशी दिसते. तिला ‘ब्लॉकिंग क्यू’ असे नाव आहे. ‘क्यू’ म्हणजे रांग. आणि ‘ब्लॉकिंग’ म्हणजे प्रसंगी थांबवून धरणारी. प्रस्तुत लेखात आम्ही या रांगेचा परिचय करून देणार आहोत.

प्रथम गव्हाणीकडेच पाहू. शेतात ऊस तोडणाऱ्या टोळ्या आणि कारखान्यातील चरक ही दोन अगदी स्वतंत्र कामे होत. टोळी पहाटे अंधारात कामाला लागते, चरक रात्रंदिवस फिरत असतो. एकाची गती दुसऱ्याच्या गतीशी कधीही तंतोतंत जुळत नाही. टोळीने तोडलेला ऊस तत्क्षणी चरकात गेला पाहिजे असा आग्रह धरला, तर दोघेही सदैव एकमेकांसाठी खोळंबून राहतील. म्हणून दोघांच्या मध्ये आवार असते. आवारात उभ्या असलेल्या गाड्या हा दोन गतींमधील साठा होय. आवार अगदी रिकामे झाले, तर चरक थांबवावा लागतो. आणि बॉयलर उसाच्या चिपाडांवर चालत असल्यामुळे त्या थांबण्याचा उपद्रव पुढे सगळीकडे पोहोचतो. उलट आवार ओसंडून गेले, तर तोडलेला ऊस उन्हात वाळतो, त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरेचे विघटन होऊ लागते. तोडलेला ऊस शक्य तो 24 तासांच्या आत गाळावा असे म्हणतात ते याचसाठी.

आता संगणकात शिरू. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालू ठेवता येतात. अशा प्रत्येक कामाच्या ओघास ‘थ्रेड’, म्हणजे धागा, म्हणतात. मोबाईलवर चलच्चित्र पाहताना सामान्यतः एक थ्रेड चित्राचे तुकडे बाहेरून आणीत असतो आणि दुसरा ते पडद्यावर दाखवीत असतो. पडद्यावर मधूनच ते गोल चक्र फिरू लागते, तेव्हा दुसऱ्या थ्रेडचे आवार रिकामे पडले आहे असे समजावे. आणणाऱ्या थ्रेडला ‘उत्पादक’ व वापरणाऱ्याला ‘ग्राहक’ अशी नावे आहेत.

दोन थ्रेडांनी एकच वस्तू हाताळली की घोटाळा कसा होतो, हे एका लहान उदाहरणाने कळेल. एका नोंदवहीत शेवटचा क्रमांक 41 आहे. दोन कारकून एकदम तो वाचतात, दोघेही मनात एक मिळवतात आणि दोघेही 42 लिहितात. नोंदी दोन झाल्या, पण क्रमांक एकानेच वाढला. यावर उपाय म्हणजे कुलूप : एकाने वही हातात घेतली असता दुसऱ्याने बाहेर थांबावे. परंतु कुलपाने एवढेच साधते, की दोघे एकदम लिहीत नाहीत. वहीत काही आहे की नाही, हे ग्राहकास कसे कळावे? तो जर क्षणाक्षणाला उठून ‘आला का? आला का?’ असे विचारीत बसला, तर त्याचा सारा वेळ त्यातच जातो आणि संगणकाची शक्तीही फुकट खर्ची पडते. त्यापेक्षा त्याने झोपावे आणि माल आला म्हणजे उत्पादकाने त्यास उठवावे, हे उत्तम.

येथेच खरी मेख आहे, आणि भल्या भल्या प्रोग्रॅमरांनी येथे ठेच खाल्ली आहे. ग्राहकाने पाहिले, रांग रिकामी आहे. तो झोपण्याच्या बेतात आहे, पण अजून झोपलेला नाही. नेमक्या त्याच क्षणी उत्पादक येतो, माल ठेवतो, ‘उठा’ म्हणून हाक मारतो आणि निघून जातो. हाक मारली तेव्हा कोणी झोपलेलेच नव्हते, म्हणून ती वाया गेली. त्यानंतर ग्राहक झोपतो. माल समोर पडलेला, आणि हा मात्र पुढच्या हाकेची वाट पाहत राहतो. ती आलीच नाही तर कायमचा! असा दोष हजार वेळा प्रोग्रॅम चालवूनही दिसत नाही आणि नेमका नको त्या दिवशी प्रकट होतो. तो टाळण्यासाठी ‘रांग रिकामी आहे का हे पाहणे’ आणि ‘झोपणे’ या दोन क्रिया कुलपाच्या आत अशा जोडाव्या लागतात, की मध्ये कोणास शिरता येऊ नये. झोप लागताच कुलूप आपोआप सुटते. शिवाय जागे झाल्यावर ग्राहकाने रांग पुन्हा एकदा पाहिली पाहिजे, कारण तो डोळे चोळीत असता दुसऱ्याच ग्राहकाने माल उचललेला असू शकतो.

ब्लॉकिंग क्यू हे सारे कष्ट स्वतःकडे घेते. तिच्यात माल ठेवणे आणि तिच्यातून माल घेणे, एवढ्या दोनच क्रिया बाहेरच्यास ठाऊक असाव्या लागतात. रांग भरलेली असेल तर ठेवणारा आपोआप थांबतो, रिकामी असेल तर घेणारा थांबतो. आणि परिस्थिती पालटताच थांबलेल्यास जाग येते.

या विचाराचा पाया डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी घातला. 1965 साली त्यांनी लिहिलेल्या एका प्रबंधात उत्पादक, ग्राहक आणि मर्यादित साठा यांचा प्रश्न मांडलेला असून तो ‘सेमाफोर’ या साधनाने सोडविलेला आहे. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात खाली-वर होणारा सिग्नल. सुरत-भुसावळ मार्गावरील आमच्या गावाच्या वाचकांस या नावाचे अगत्य वाटावे! पुढे 1970 नंतरच्या दशकात पेर ब्रिंच हान्सन व टोनी होअर यांनी कुलूप आणि झोप-जाग यांची एकत्र बांधणी करणारी ‘मॉनिटर’ ही कल्पना सिद्ध केली. 2004 साली जावा या संगणकभाषेच्या पाचव्या आवृत्तीत ब्लॉकिंग क्यू तयारच मिळू लागली. त्या कामाचे नेतृत्व अमेरिकेतील ऑस्वेगो येथील प्राध्यापक डग ली यांनी केले होते. जावात ठेवण्याच्या क्रियेस ‘पुट’ व घेण्याच्या क्रियेस ‘टेक’ म्हणतात. ज्यास अमर्याद थांबणे परवडत नाही त्याच्यासाठी ‘ऑफर’ व ‘पोल’ या निराळ्या क्रिया आहेत. ठराविक वेळ वाट पाहून ते मोकळ्या हाताने परत फिरतात.

आता एक प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या मनात आला असेल. रांग भरली म्हणून उत्पादकास थांबावे लागते, तर मग रांग हवी तेवढी मोठी का करू नये? याचे उत्तर हिशेबानेच देऊ. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, आवारात ताशी 25 गाड्या येतात आणि गव्हाण ताशी 20 गाड्या रिकाम्या करते. म्हणजे दर तासाला 5 गाड्या शिल्लक राहतात. 24 तासांनी रांगेत 120 गाड्या उभ्या असतील आणि शेवटच्या गाडीस 6 तास थांबावे लागेल. तीन दिवसांनी गाड्या 360 होतील व थांबणे 18 तासांवर जाईल. आवार कितीही वाढविले तरी गव्हाण ताशी 20 च गाड्या घेणार! मोठ्या आवाराने एवढेच केले, की दोष तीन दिवस झाकून ठेवला आणि तेवढा ऊस वाळविला. याउलट 40 गाड्यांची मर्यादा ठेवली, तर आवारात शिरलेली गाडी दोन तासांहून अधिक खोळंबणार नाही. आणि आवार भरल्याची वार्ता शेतापर्यंत जाऊन तोडणीच मंदावेल. ऊस उभा राहील तो शेतात, मुळासकट, म्हणजे गोडवा शाबूत ठेवून.

आमच्या मते रांगेचे खरे मोल या मर्यादेतच आहे. नवशिके प्रोग्रॅमर बहुधा ही मर्यादा घालण्यास विसरतात. जावातील एका प्रकारच्या रांगेत मर्यादा सांगितली नाही तर ती 2,14,74,83,647 इतकी धरली जाते. ती गाठण्याच्या कितीतरी आधी संगणकाची स्मृतीच भरून प्रोग्रॅम कोसळतो.

तथापि हा दृष्टांत एका ठिकाणी तुटतो, आणि ते सांगितल्यावाचून लेख पुरा करणे आम्हांस योग्य वाटत नाही. झोपलेल्या थ्रेडला थांबण्याचा त्रास नाही, त्यास भूकही लागत नाही. गाडीवानाचे तसे नाही. धुळे, नंदुरबार आणि डांग या भागांतून बायकामुलांसह आलेल्या ऊसतोड कुटुंबाची मजुरी टनावर ठरलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात; जणू माणसे नव्हेत, हत्यारच! काट्यासमोर रात्र गेली, तर त्या रात्रीची मजुरी कोणी देत नाही. ऊस वाळून वजन घटले, तर मजुरीही घटते. संगणकात थांबणे जवळजवळ फुकट आहे म्हणून मर्यादेचा भार उत्पादकावर निश्चिंतपणे टाकता येतो. आवारात तो भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे आधी विचारावे लागेल. तोडणीची चिठ्ठी आवारातील गर्दी पाहून दिली, तर थांबणे शेतातच होईल. रस्त्यावर, थंडीत, बैलांसह होणार नाही.

शेवटी हंगाम संपण्याविषयी दोन शब्द. रांग रिकामी झाली म्हणजे ग्राहक थांबतो; परंतु माल आता कधीच येणार नाही, हे त्यास कोणी सांगावे? न सांगितल्यास तो झोपूनच राहील आणि प्रोग्रॅम बंदच होणार नाही. यासाठी उत्पादक सर्वांत शेवटी एक खुणेची वस्तू रांगेत ठेवतो. प्रोग्रॅमर तिला ‘विषाची गोळी’ म्हणतात. ती हाती येताच ग्राहक काम आटोपतो. ग्राहक तीन असतील तर गोळ्याही तीन ठेवाव्या लागतात, नाहीतर दोघे तसेच ताटकळत राहतात. आपल्याकडे शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की ‘पट्टा पडला’ असे म्हणतात. मग चरक थांबतो, कोपी मोडली जाते आणि गाड्या तापीकाठच्या वाटेने गावाकडे वळतात.