वाढीव साठ्याचा मोह

भाव चढेल या आशेनें विकण्याजोगा माल अडवून ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न शेतकऱ्यास व त्याच्या संस्थेस दर हंगामांत पडतो. त्याविषयीं मुंबईच्या इतिहासांतील एक प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

इ. स. 1861 मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तेथील कापूस इंग्लंडांत पोहोंचेना, त्यामुळें खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचें मोल आलें. त्या पैशावर मुंबईंत अनेक कंपन्या निघाल्या. गिरगांवच्या खोताच्या वाडीपासून जवळच असलेला बॅक बे समुद्र भरून काढण्याचा उद्योगही त्यांपैकींच. तेजी टिकणार असें धरून माल घेतला गेला, सौदे झाले. एप्रिल 1865 मध्यें युद्ध संपत आल्याचें कळतांच भाव कोसळले. 1 जुलै 1865 रोजीं वायद्यांची मुदत भरली आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पुढें 1868 मध्यें बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळली गेली. खेड्यांत भाव गेला, पण कर्ज राहिलें. 1875 सालीं सुपें येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, त्यांच्या कारणांत ही मंदी गणली जाते.

आजच्या कांद्याचाही हिशेब असाच मांडून पाहावा. समजा, 100 क्विंटल उन्हाळी कांदा आज क्विंटलास 1,500 रुपयांनीं विकल्यास 1,50,000 रुपये येतात. तोच चार महिने चाळींत ठेवला, वाळून, सडून व कोंब येऊन 30 क्विंटल घटला, आणि दरमहा शेकडा एक रुपया व्याज धरलें, तर व्याजाचे 6,000 मिळवून 1,56,000 रुपये उरलेल्या 70 क्विंटलांतून निघाले पाहिजेत. म्हणजे सुमारें 2,229 रुपये भाव मिळाला तरच आजच्या विक्रीशीं बरोबरी होईल. मजुरी व चाळीचा खर्च निराळाच.

यावरून साठा मुळींच करूं नये, असें नव्हे. घरखर्चाचें धान्य व पेरणीचें बीं राखलेंच पाहिजे. त्याहून अधिक ठेवावयाचें तें वरीलप्रमाणें हिशेब करूनच ठेवावें. संस्थेच्या गुदामांतील मुदत सरत आलेलें बियाणें व ओल लागून ढेकळें होऊं पाहणारें खत हंगाम संपण्यापूर्वींच, प्रसंगीं खरेदीच्या दरानें, सभासदांस द्यावें. अडकलेला पैसा मोकळा झाला म्हणजे पुढील हंगामाचा माल कर्ज न काढतां घेतां येतो. चिटणिसांनीं साठेवहींत प्रत्येक मालापुढें आवकेची तारीख, घट व व्याज हीं दरमहा लिहावीं, आणि घट व व्याज मिळून अपेक्षित नफ्याहून अधिक होऊं लागतांच तो माल पंचांपुढें विक्रीस मांडावा.