तलवारीचे पाणी आणि कोयत्याची धार

लोखंडाचे काम करणाऱ्या कारागिराला 'पाणी देणे' म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. हत्यार कितीही देखणे घडवले तरी त्याला नीट पाणी दिले नसेल तर ते पहिल्याच घावात वाकते किंवा तुटते. जपानची हाताने घडवलेली तलवार जगभर नावाजली गेली ती मुख्यतः या पाण्यामुळे. आपल्या कारागीर बांधवांना त्यातून काय घेता येईल, ते पाहू.

ही विद्या आपल्याला परकी नाही. दक्षिण भारतात मुशीत तयार होणारे पोलाद पूर्वी इराण व अरबस्तानात जात असे. हिंदुस्थानी पोलादाच्या तलवारीला अरबीत 'मुहन्नद' म्हणत. नवव्या शतकात बगदादचे विद्वान अल-किंदी यांनी तलवारींच्या प्रकारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्याकडील 'शिकलगार' हे नावही 'सैकल', म्हणजे जिल्हई, या शब्दावरून आले आहे. हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखत घडविण्याची कला अल्लाहने शिकविली, असा उल्लेख पवित्र कुरआनात आहे. तेव्हा या धंद्याला कोणी हलके समजू नये.

जपानी पद्धत

जपानच्या शिमाने प्रांतात १९७७ पासून जुन्या पद्धतीची भट्टी पुन्हा चालविली जाते. लोहयुक्त वाळू आणि कोळसा थोडा थोडा टाकत ती तीन दिवस-रात्र पेटती ठेवतात. निघालेले पोलाद फोडून निवडतात, तापवतात, ठोकतात आणि दुमडतात. दहा वेळा दुमडले की १,०२४ थर होतात. या दुमडण्याने मळी बाहेर पडते आणि पोलाद एकजीव होते. त्यापेक्षा जास्त थरांनी ताकद वाढत नाही. बाहेरून कडक पोलाद आणि आत मऊ लोखंड, अशी बहुतेक पात्यांची रचना असते.

खरी परीक्षा यापुढे असते. पात्यावर मातीचा लेप देतात, धारेवर पातळ आणि पाठीवर जाड. मग खोलीत अंधार करून, तापाचा रंग पाहून पाते पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक होते. पाठ सावकाश थंड होते, म्हणून चिवट राहते. याच वेळी पात्याला बाक येतो. काही पाती इथेच तडकतात. धारेला तडा गेलेले पाते चांगला कारागीर विकत नाही.

आपल्या कोयत्यासाठी

जेऊर परिसरात उजनीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि कोयत्याला गिऱ्हाईक मिळाले. मोटारीच्या जुन्या पाट्यापासून चांगला कोयता होतो. त्यासाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. पाटा आधी नीट तपासावा. केसाएवढी चीर असली तरी तो तुकडा बाजूला काढावा.

२. पाणी देण्याचे काम सावलीत किंवा सांजवेळी करावे. उन्हात लाली फिकी दिसते आणि पोलाद गरजेपेक्षा जास्त तापते. सुमारे ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्यानंतर थोडेसेच अधिक तापवावे.

३. पाट्याचे पोलाद साध्या पाण्यात तडकण्याचा धोका असतो, म्हणून तेल वापरावे. आधी एका तुकड्यावर प्रयोग करावा.

४. फक्त धारेकडचा भाग बुडवावा. जपानी कारागीर जे काम मातीच्या लेपाने करतो, ते यातून साधते.

५. बाहेर काढताच धार घासून चमकवावी. पाठीतली उष्णता धारेकडे येताना पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढतात. धारेवर जांभळा दिसताच कोयता पूर्ण बुडवावा. पिवळ्यावर थांबल्यास धार खापलते, निळ्याच्या पुढे गेल्यास ती लवकर बोथट होते.

कायदा व सचोटी

तलवार शस्त्र कायदा, १९५९ च्या कक्षेत येते. परवान्याशिवाय ती बनविण्याच्या किंवा विकण्याच्या फंदात पडू नये. शेती, घरकाम व उद्योगासाठी बनविलेल्या अवजारांना शस्त्र नियम, २०१६ मध्ये या वर्गातून वगळले आहे. आपला धंदा या अवजारांचा आहे आणि त्यातच बरकत आहे.

तडा गेलेल्या कोयत्यावर कानस फिरवून तो नवा म्हणून विकणे सोपे आहे. पण तो ऊसतोड कामगाराच्या हातात तुटला तर त्याचे बोट जाईल आणि हंगामाची कमाईही बुडेल. मालातील दोष लपवून विकणे इस्लामने निषिद्ध ठरवले आहे. तडा दिसला की तो कोयता पुन्हा भट्टीत घालावा. कारखान्याच्या स्वस्त मालापुढे हाताने घडवलेला कोयता टिकेल तो याच भरवशावर. गिऱ्हाईक पुढच्या हंगामात त्याच दुकानी आले, की पाणी नीट बसले असे समजावे.