तबकडी बदलताना

संगणकाच्या पोटात काय असते याच्याशी कला शाखेच्या विद्यार्थ्याला काय कर्तव्य, असे हा लेख पाहून कोणी विचारील. २०२४ च्या दिवाळीपर्यंत मीही तेच विचारले असते. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आमच्या पाटण तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या हा विषय घेतला होता. आजीने म्हटलेल्या ओव्यांची ४७ ध्वनिमुद्रणे मी मोबाईलवर केली आणि मोबाईलमध्ये जागा उरेना म्हणून मामांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये टाकून तिथली पुसून टाकली. त्याच वर्षी आषाढात आजी गेली. म्हणजे तो आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता. आणि ते ठिकाण सुरू व्हायला चार-चार मिनिटे घेऊ लागले होते.

तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले. "ताई, यात आता राम राहिला नाही, नवीनच घ्या," असा सल्ला मिळाला. नवीन घेण्याची ऐपत नाही म्हटल्यावर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याचा अंदाज सांगितला ६,२०० रुपये. शिवाय लॅपटॉप चार दिवस ठेवून जायचा आणि जुने सगळे परत मिळेलच याची हमी नाही. पैशांचे एक वेळ जमले असते. पण ह्या शेवटच्या वाक्याने मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

लॅपटॉप मंद का झाला, हे आधी समजून घेतले पाहिजे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात आणि एका दांड्याच्या टोकाला असलेले वाचक-शीर्ष त्यांवरून सरकते. कल्पना जुनीच. आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून मावत होती ५० लाख अक्षरे! आमच्या लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, आणि शीर्ष त्या जागी सरकण्यासाठी आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर सेकंदाला साठएक ठिकाणांहून अधिक वाचन होत नाही. आपल्या ग्रंथालयात एकच शिपाई असावा आणि शंभर मुलांनी शंभर कपाटांतली पुस्तके एकदम मागावीत, तशी ही गत. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. सारे विद्युत्-भाराच्या रूपाने चिपांमध्ये साठवलेले. तिथे एका जागेहून दुसरीकडे जायला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, तरी लॅपटॉप पळू लागतो तो ह्यामुळे.

खरेदीपूर्वी एवढे पाहावे की आपल्या यंत्रात कोणती जात बसते. आमच्यात अडीच इंची साटा जातीची होती. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-टू जातीची असते. काहींत तर ती मुख्य फळीलाच डाग देऊन पक्की केलेली असते. तसे असेल तर स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये. जाडीही पाहावी, जुन्या डिस्का बहुधा साडेनऊ मिलिमीटरच्या, एसएसडी सात मिलिमीटरची. पातळ बसते, जाड बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळे मार्गदर्शक लॅपटॉप उघडण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ते काम सर्वांत शेवटचे. डिस्कची प्रकृती सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला, तेव्हा त्याने पिवळ्या रंगात इशारा दाखवला. डिस्कवरच्या काही जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या. अशा डिस्ककडून फार काम करून घेऊ नये. जे अमूल्य असेल ते आधी बाहेर काढावे. मी मैत्रिणीचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला. ४६ ध्वनिमुद्रणे आली. सत्तेचाळिसावे अर्ध्यावर अडकले आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला. हट्टाने पुन्हा एकदा केले, पुन्हा अडकले. मग मात्र लॅपटॉप बंद केला आणि रात्रभर तसाच ठेवला. झोप कुठली लागते! सकाळी यंत्र थंड असताना एवढी एकच फाईल घेतली, आणि ती आली. हा काही हमखास उपाय नव्हे. माझे नशीब म्हणा. नुसत्या नावांवर विसंबू नये म्हणून त्या दिवशी मी सर्व ४७ मुद्रणे दुसऱ्या संगणकावर शेवटपर्यंत ऐकली. मामीही स्वयंपाकघरातून येऊन बसली होती.

यानंतर माझी एक चूक झाली. जुनी डिस्क ५०० जीबीची, मी आणलेली एसएसडी ४८०ची. वीस जीबीने काय बिघडते, असे वाटले. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवणारा क्लोनझिला हा प्रोग्राम मात्र मूळ प्रतीहून लहान जागा सहसा स्वीकारत नाही. जुनीत निम्मी जागा रिकामी असली तरीही. त्याने तांबड्या अक्षरांत नकार दिला. यातून तांत्रिक वाटा आहेत, पण आजारी डिस्कवर प्रयोग कशाला करायचे? मी नकलेचा नाद सोडला आणि नव्या एसएसडीवर विंडोज कोरी बसवायचे ठरवले. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे साधन वापरून ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह तयार केला. आधीची विंडोज रीतसर परवान्याची असेल आणि तीच आवृत्ती पुन्हा बसवली, तर परवाना मुख्य फळीवरून ओळखला जातो. नव्याने विकत घ्यावा लागत नाही.

प्रत्यक्ष उघडण्याचे काम वीस मिनिटांचे. मामा शेजारी उभे. "अगं, उघडशील, पण परत बसंल का?" लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर व बॅटरी काढली. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. म्हणून कागदावर लॅपटॉपची पाठ काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावला. तळाचे झाकण एका जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवले. अंगावरची स्थिर वीज चिपांना बाधते, म्हणून नायलॉनची ओढणी बाजूला ठेवून आधी नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावला. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली होती. ती आडवी सरकवून काढायची, वर उचकटायची नाही. चौकटीचे चार स्क्रू काढून एसएसडी तिच्यात बसवली आणि तशीच सरकवली.

विंडोज वीस सेकंदांत उघडू लागली. सगळे जिंकले अशा थाटात मी प्रकल्पाची फाईल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! मामांनी पूर्वी आजीच्या काही ओव्या डीटीपी करणाऱ्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. त्या शिवाजी नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च असतो; त्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरालाच मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असतो. कोऱ्या विंडोजमध्ये मुखवटाच नव्हता. जुनी डिस्क यूएसबी केबलने जोडली, विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरमधून ती फाईल उचलून इकडे बसवली, आणि ओव्या पुन्हा वाचता आल्या. मराठीत लेखन करणाऱ्या प्रत्येकाने ह्या फोल्डरची प्रत आधीच काढून ठेवावी. इंग्रजी मार्गदर्शकांत हे कुठेही सांगितलेले मला आढळले नाही.

खर्च असा झाला: एसएसडी २,८५०, साटा-यूएसबी केबल ३८०, स्क्रूड्रायव्हरांचा संच १५०, एकूण ३,३८० रुपये. भाव सारखे बदलतात, तेव्हा हे आकडे त्या दिवाळीचे समजावेत. वाचलेल्या २,८२० रुपयांतून ५०० रुपयांचा एक नवा पेनड्राइव्ह घेतला, मैत्रिणीचा तिला परत केला. एसएसडी म्हणजे अमरपट्टा नव्हे. ती जाते तेव्हा पुष्कळदा टकटक करून सूचनाही देत नाही, आणि वर्षानुवर्षे वीज न देता पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू ओसरतो. म्हणून आजीचा आवाज आता तीन ठिकाणी आहे: लॅपटॉपमध्ये, पेनड्राइव्हवर आणि मावशीच्या पुण्यातल्या संगणकावर. जुनी डिस्क मामीने दिलेल्या डब्यात ठेवली आहे; तिच्यावर भिस्त नाही, पण टाकवतही नाही.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ११ ह्या जुन्या यंत्रावर रीतसर चढत नाही. तेव्हा पुढच्या सुट्टीत लिनक्स बसवून पाहायचा विचार आहे. तोवर कोणाला लागल्यास स्क्रूड्रायव्हरांचा संच मराठी विभागात माझ्याकडे आहे. मात्र येताना पेनड्राइव्ह आपापला आणावा.